युद्धनौकांची जुनी छायाचित्रे कुशनवर छापायची आहेत? आधी फोटो, मग कापड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अभ्यासिकेतल्या लांब बाकासाठी चार-पाच कुशन करायची आहेत आणि त्यांवर दोन्ही महायुद्धांतल्या युद्धनौकांची कृष्णधवल छायाचित्रे छापून हवी आहेत. तुम्ही निवडलेल्या फोटोंत बहुतेक स्फोट आहेत, बुडणारी जहाजे आहेत, आणि घरच्यांना ती बसायच्या जागी नको वाटतात. फोटो कुठून घ्यावेत, कापड कोणते, छपाई कोणत्या पद्धतीची आणि घरच्यांचे कितपत ऐकावे, असे चार प्रश्न तुम्ही विचारले आहेत. कापडावर छायाचित्रे छापण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि जुने फोटो हा त्यातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरे त्यातूनच निघतात.

घरच्यांचे पूर्ण ऐका. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरमध्ये धुराच्या लोटात कलंडलेली, अमेरिकी युद्धनौका ‘अ‍ॅरिझोना’ची डोलकाठी तुम्ही निवडली आहे. त्या एका जहाजावर १,१७७ माणसे गेली आणि त्यांतल्या नऊशेहून अधिक जणांचे अवशेष आजही त्या सांगाड्यात आहेत. ब्रिटिश आणि जर्मन आरमारांच्या जटलंडच्या लढाईतला, ३१ मे १९१६ चा ‘इन्व्हिन्सिबल’ या ब्रिटिश युद्धनौकेचा फोटो तसाच. जहाजाचे दोन तुकडे पाण्यातून उभे वर आलेले दिसतात. चित्र म्हणून नजर खिळवणारे आहे यात शंका नाही. पण १,०२६ माणसे मेली आणि सहा वाचली, तो हा क्षण आहे. २४ जानेवारी १९१५ च्या ‘ब्ल्यूशर’ या जर्मन युद्धनौकेच्या फोटोत तर उलटत चाललेल्या जहाजाच्या पोटावर मुंग्यांसारखे दिसणारे ठिपके ही जिवंत माणसे आहेत. असा फोटो पुस्तकात पाहणे, संग्रहालयात त्याच्यासमोर उभे राहणे योग्यच आहे. भिंतीवर चौकटीत लावला तरी आपण त्याच्याकडे बघतो. कुशनकडे मात्र कोणी बघत राहत नाही. त्याला पाठ लावतात, ते मांडीवर घेतात, डोक्याखाली सरकवतात, त्याच्यावर पाय टाकतात. ज्या चित्राला पाठ लावायची, त्यात कोणी मरत असू नये, एवढा नियम मी पाळतो आणि काम घेतानाही तसे स्पष्ट सांगतो.

हा नियम मी केवळ भावनेपोटी सांगत नाही. लढाईचे फोटो कापडावर छापायला मुळातच वाईट असतात. ते दुरून काढलेले असतात, बहुधा हलत्या डेकवरून, घाईत. जहाज फोटोच्या मधोमध एक लहानसा काळा तुकडा असते, बाकी सगळे पाणी आणि धूर. तो तुकडा मोठा केला की फिल्मचे दाणे वर येतात आणि कडा विरघळतात. कित्येक प्रसिद्ध स्फोट तर चलचित्राच्या एका चौकटीतून उचललेले आहेत, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या फिल्मवरून. याउलट नौकेवरच्या रोजच्या जगण्याचे फोटो बंदरात, स्थिर जहाजावर, चांगल्या उजेडात, मोठ्या काचेवर (त्या काळी निगेटिव्ह काचेचीही असे) किंवा मोठ्या फिल्मवर काढलेले आहेत. त्यांत बारकावा इतका असतो की दोरखंडाचा पीळसुद्धा मोजता येतो. जे फोटो घरात ठेवायला बरे, तेच कापडावरही सर्वांत चांगले उतरतात. म्हणून निवडीवर जेवढा वेळ द्याल, तेवढा पुढे वाचेल.

काही फोटो मी नावानिशी सुचवतो. पहिला ‘मॉनिटर’चा. अमेरिकेच्या यादवी युद्धातली ही लोखंडी चिलखताची नौका, जेम्स एफ. गिब्सन याने जुलै १८६२ मध्ये व्हर्जिनियातल्या जेम्स नदीत तिच्यावर जाऊन खलाशांचे फोटो काढले. फिरत्या तोफमनोऱ्याजवळ डेकवर माणसे बसली आहेत, कोणी सोंगट्यांचा पट मांडला आहे, कोणी नुसतेच कॅमेऱ्याकडे बघत आहे. त्याच फेरीतल्या आणखी एका फोटोत मनोऱ्याच्या पत्र्यावर तोफगोळ्यांनी पडलेले पोचे दिसतात. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती नौका केप हॅटरसजवळ वादळात बुडाली आणि १६ जण गेले, पण फोटोत खलाशी उन्हात निवांत बसलेले आहेत. कापडाच्या दृष्टीने या फोटोंचे दोन मोठे गुण आहेत. ओल्या कोलोडियन काचेला, म्हणजे ओल्या रासायनिक लेपाच्या काचेच्या निगेटिव्हला, दाणा जवळजवळ नसतोच, त्यामुळे कितीही मोठे करा, खरखर येत नाही. शिवाय ते त्रिमितीय दर्शनासाठी काढलेले जोडफोटो आहेत. एकेक चौकट जवळपास चौरस असते, म्हणजे चौकोनी कुशनवर फार काटछाट न करता बसते.

दुसरा साठा डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीच्या काचांचा. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या आगेमागे एडवर्ड हार्ट या छायाचित्रकाराने अमेरिकी युद्धनौकांवर फिरून जेवणाच्या पंगती, कपडे धुणे, तोफांचा सराव असे सगळे टिपले. ८×१० इंचांच्या काचा आहेत, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या फार मोठ्या आकारात स्कॅन करून खुल्या ठेवल्या आहेत. मला विचाराल तर कुशनसाठी याहून चांगला साठा नाही. तुम्हाला महायुद्धांचेच फोटो हवे आहेत हे लक्षात आहे. तरीही एकदा हे उघडून बघा.

दुसऱ्या महायुद्धाचे म्हणाल, तर एडवर्ड स्टायकेनच्या तुकडीचे काम पाहा. १९४२ मध्ये वयाची साठी उलटलेला हा नामवंत छायाचित्रकार अमेरिकी नौदलात रुजू झाला आणि नौदलाच्या हवाई शाखेसाठी निवडक छायाचित्रकारांची एक तुकडी त्याने उभी केली. यंत्रांपेक्षा माणसे टिपण्यावर त्याचा भर होता. त्या तुकडीच्या व्हिक्टर जॉर्गेनसनच्या नावावर असलेला, १९४४ च्या मध्यातला एक फोटो मला फार आवडतो: ‘मॉंटेरे’ या विमानवाहू नौकेवर, विमाने वर-खाली नेणाऱ्या लिफ्टच्या खड्ड्यात खलाशी बास्केटबॉल खेळत आहेत. चेंडूसाठी उंच उडालेल्या दोघांपैकी डावीकडचा तरुण अधिकारी म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड. युद्धातला फोटो आहे, नौदलाचा आहे, आणि त्यातली माणसे हवेत आहेत, हसती-खेळती आहेत. अशा फोटोजवळ कोणीही पाहुणा आनंदाने बसेल.

आणि ज्यांना माणसे नकोतच, फक्त जहाजच हवे, त्यांना मी ‘डॅझल’ रंगवलेली जहाजे सुचवतो. १९१७ मध्ये नॉर्मन विल्किन्सन या सागरी चित्रकाराच्या कल्पनेतून ब्रिटिश जहाजांवर हे तिरके पट्टे, त्रिकोण, तुटक्या रेषा आल्या. जहाज लपवण्यासाठी हा खटाटोप नव्हता. पाणबुडीच्या कप्तानाला जहाजाची दिशा आणि वेग यांचा अंदाज येऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. ‘वेस्ट महोमेट’ हे १९१८ मधले अमेरिकी मालवाहू जहाज, ब्रिटिशांची ‘आर्गस’ ही विमानवाहू नौका, ‘ऑलिंपिक’ आणि ‘मॉरिटानिया’ ही सैन्य वाहून नेणारी प्रवासी जहाजे यांचे फोटो सहज मिळतात. मोठे आकार, काळे-पांढरे ठळक, बारीक तपशिलावर भिस्त नाही. जाड विणीच्या कापडावरही हे फोटो टिकून राहतात, आणि दुरून पाहणाऱ्याला ते आधी नक्षी वाटतात आणि जवळ आल्यावर जहाज दिसते. तुमच्या पाच कुशनांत यातले एक तरी घ्याच. फक्त ते रंगीत करून घेऊ नका. मूळ पट्टे निळे, हिरवे, करडे, काळे अशा अनेक रंगांचे असत, आणि कृष्णधवल फोटोवरून कोणता पट्टा कोणत्या रंगाचा होता हे ओळखता येत नाही.

हक्कांबद्दल आता. अमेरिकेच्या सरकारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोवर अमेरिकेत कॉपीराइट नसतो. नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या ‘८०-जी’ या क्रमांकाने सुरू होणाऱ्या नौदली फोटोंचा मोठा हिस्सा असा आहे. ब्रिटनमध्ये १ जून १९५७ च्या आधी काढलेल्या सरकारी फोटोंचा क्राउन कॉपीराइट काढल्यापासून ५० वर्षांनी संपतो, म्हणजे महायुद्धांतले अधिकृत नौदली फोटो त्यातून मोकळे झाले आहेत. मात्र संग्रहालये मोठ्या आकाराच्या फाइलसाठी आपले शुल्क आणि अटी ठेवू शकतात. घरापुरते करणार की विकणार, यावर त्या बदलतात, म्हणून आधी वाचून घ्या. आणि सरकारी संग्रहात सापडला म्हणजे फोटो सरकारी, असे समजू नका. वृत्तसंस्था आणि मासिकांचे फोटोही त्याच खोक्यांत असतात. इवो जिमा या जपानी बेटावर अमेरिकी झेंडा उभारतानाचा जो रोझेन्थालचा फोटो आहे, तो असोसिएटेड प्रेसच्या छायाचित्रकाराने काढलेला आहे. १४ ऑगस्ट १९४५ ला टाइम्स स्क्वेअरमध्ये खलाशी एका पांढऱ्या वेशातल्या स्त्रीचे चुंबन घेतो, त्या प्रसंगाचे तर दोन वेगळे फोटो आहेत: सर्वांना माहीत असलेला आयझेनस्टाटचा, ‘लाइफ’ मासिकासाठीचा, त्यावर हक्क आहेत, आणि थोड्या वेगळ्या कोनातून काढलेला, वर म्हटलेल्या जॉर्गेनसनचाच, नौदलाचा, तो खुला आहे.

हा चुंबनाचा फोटो कुशनवर छापून द्या, अशी मागणी माझ्याकडे वारंवार येते. मी तो सुचवत नाही. ती स्त्री आपणच होतो असे सांगणाऱ्या ग्रेटा झिमर फ्रीडमन यांनी पुढे मुलाखतीत स्पष्ट केले होते की ते चुंबन त्यांच्या मर्जीचे नव्हते; एका अनोळखी माणसाने त्यांना धरले. हे कळल्यावर तो फोटो प्रेमाचे चित्र म्हणून दिवाणखान्यात ठेवावासा मला वाटत नाही. तुमचे मत वेगळे असू शकते, पण माहीत असून ठरवा.

झेंड्यांकडेही लक्ष द्या. नाझी काळातल्या जर्मन नौदलाच्या ध्वजावर स्वस्तिकचिन्ह असते आणि जर्मनीत ते सार्वजनिकरीत्या दाखवणे कायद्याने गुन्हा ठरू शकते. जपानी नौदलाचा किरणांचा ध्वज कोरिया आणि चीनमधल्या लोकांना आजही जखम उघडल्यासारखा लागतो. घराच्या सजावटीत ते नकोच.

फाइलकडे वळू. ४५ सेंटीमीटरच्या कुशनला शिवण आणि काठासाठी वाढीव धरून ४८ ते ४९ सेंटीमीटर चित्र लागते. कापडावर इंचाला १५० बिंदू पुरतात, म्हणजे साधारण २,९०० पिक्सेल प्रत्येक बाजूला. इंचाला १०० पर्यंतही काम भागते, कारण कापडाचा पोतच बारकावा थोडा गिळतो. त्याखाली जाऊ नका. संकेतस्थळावर दिसणारा लहान फोटो उतरवून घेऊ नका, त्याच पानावर बहुधा ‘टिफ’ नावाची मोठी फाइल असते, ती घ्या. छापील पुस्तकातून किंवा जुन्या वर्तमानपत्रातून स्कॅन केलेला फोटो मी घेत नाही. त्यावर छपाईच्या ठिपक्यांची जाळी असते, आणि ती जाळी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी भांडून चित्रभर लाटांसारखे पट्टे उठवते. ते एकदा उठले की जात नाहीत.

लहान फाइल आपोआप ‘सुधारून’ मोठी करणारी जी नवी साधने आहेत, त्यांच्याबद्दल माझे मत कडक आहे. ती चेहरे बनवतात. मूळ फोटोत दहा-बारा पिक्सेलचा धूसर चेहरा असेल तर हे साधन तिथे डोळे, नाक, दात रचून देते, आणि तो माणूस कधी अस्तित्वातच नव्हता. ज्या खलाशाचा फोटो घरात ठेवायचा, त्याच्या जागी भलताच चेहरा बसवण्यापेक्षा तो धूसरच राहू द्या. दाणे दिसले तर दिसू द्या, तो त्या काळच्या फिल्मचा पोत आहे. ओरखडे, बुरशीचे डाग मात्र खुशाल साफ करा. एक सूचना: जहाजाच्या डोलकाठीवर विचित्र पांढरट पुसट ठिगळ दिसले तर तो डाग समजून त्यावर काही रंगवत बसू नका. युद्धकाळात सेन्सॉर रडारचे अँटेना आणि कधी नाळेवरचा क्रमांकही फोटोवरून पुसून टाकत. ते पुसलेपण हाही त्या फोटोच्या इतिहासाचा भाग आहे, आणि मला तर अशी प्रत मुद्दाम निवडावीशी वाटते.

फोटो आरशासारखा उलटा करू नका, हेही सांगतो. बाकाच्या दोन टोकांना समोरासमोर तोंड करणारी दोन जहाजे हवीत म्हणून एक फोटो उलटवण्याचा मोह होतो. मग नाळेवरचा क्रमांक उलटा येतो, आणि तो झाकला तरी जाणकार फसत नाही: विमानवाहू नौकेचा मनोरा जवळजवळ नेहमी उजव्या बाजूला असतो. ‘अकागी’ आणि ‘हिर्यू’ या जपानी नौकांचा डावीकडे होता, म्हणूनच त्या लक्षात राहतात. दोन दिशांची जहाजे हवी असतील तर दोन वेगळे फोटो शोधा.

आता कुशनचा आकार. युद्धनौका रुंदीच्या आठ-दहा पट लांब असते. तिला चौकोनात बसवायला गेलात की वर आकाश, खाली पाणी आणि मध्ये एक पट्टी, एवढेच हाती लागते. पूर्ण जहाज हवे तर ३०×६० सेंटीमीटरचे आडवे कुशन करा. चौकोनी हवे तर जहाजाचा तुकडा घ्या: समोरून येणारी नाळ, तोफमनोरा, डेकवरची मंडळी. त्यातही वरचे रिकामे आकाश शक्यतो कमी करा. जुन्या काचा आणि फिल्म निळ्या उजेडाला फार लवकर प्रतिसाद देत, म्हणून त्या फोटोंत आकाश कोरे पांढरे येते. भिंतीवर ते चालते. कुशनवर तो वरचा अर्धा भाग म्हणजे डोके टेकण्याची जागा, आणि पांढऱ्यावर तेलाचा डाग पहिल्याच महिन्यात दिसतो.

कुशन फुगीर असते, ही गोष्ट पडद्यावर रचना करताना सगळेच विसरतात. भरल्यानंतर चारी बाजूंचे चार-पाच सेंटीमीटर मागे वळतात आणि बाजूंच्या मधल्या कडा आत ओढल्या जातात. म्हणून जहाजाचे टोक, माणसाचा हात, क्रमांक यांतले काहीही कडेला ठेवू नका. क्षितिजरेषेचे तर विशेष. फोटो काढताना क्षितिज वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या भागावर ठेवावे असे शिकवतात. कुशनवर ते नेमके वाकते, कारण तिथे कापड उतरणीला लागलेले असते. मधोमध ठेवले तर समोरून सरळ दिसते. काटछाट करताना मी क्षितिज मध्याच्या जवळ आणतो, आणि ते अर्धा अंशही कलते राहू देत नाही. समुद्र तिरका झाला की बघणाऱ्याला काय चुकले हे सांगता येत नाही, पण खटकत राहते. चेहऱ्यांची जागा ठरवताना आणखी एक पाहा: कुशन नीट करताना बहुतेक जण वरच्या कडेच्या मध्यावर हाताने खोच मारतात. तिथे कोणाचे डोके येऊ देऊ नका. एकाच माणसाचा मोठा चेहरा तर मी घेतच नाही. घोळका असावा, कामात असावा.

चित्र कडेपर्यंत न्यायचे की भोवती साधी किनार सोडायची, यात माझा कौल किनारीला आहे. ४५ च्या कुशनवर मधोमध ३३-३४ सेंटीमीटरचा फोटो आणि भोवती साध्या रंगाची पाच-सहा सेंटीमीटरची पट्टी. वळण सगळे पट्टीवर जाते, फोटो सपाट भागावर राहतो, आणि छायाचित्र हे छायाचित्रासारखे दिसते. फोटोच्या प्रिंटला असते तशी पाऊण-एक सेंटीमीटरची बारीक पांढरी किनार मात्र टाळा. शिवण जराशी सरकली, कापड धुण्यात थोडे आटले की ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब होते.

कापड आणि छपाई यांचा निर्णय एकत्र घ्यावा लागतो, कारण शाई धाग्यावर ठरते. पॉलिएस्टरवर सब्लिमेशन होते: कागदावरची शाई साधारण २०० अंश सेल्सिअसच्या दाबाखाली वायू होऊन धाग्यात शिरते. धुण्याला पक्के, रेषा स्पष्ट, पण पॉलिएस्टरची चमक जुन्या फोटोला शोभत नाही, म्हणून घ्यायचेच तर मंद पोताचे, सुती दिसणारे घ्या. सुती आणि लिननवर दोन मार्ग आहेत. पिगमेंट छपाईत रंग बाइंडरने, म्हणजे चिकट द्रव्याने, धाग्याच्या वर चिकटतो. सोपी आहे, उन्हाला बरी टिकते, पण घासून घासून कडेला फिकट होते आणि काळा जरा राखाडी राहतो. रिअ‍ॅक्टिव्ह छपाईत रंग धाग्याशी रासायनिक बंध करतो, मग वाफ आणि धुलाई होते. हाताला कापड मऊ राहते आणि काळा खोल येतो. कृष्णधवल फोटोसाठी सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह मिळत असेल तर मी दुसरीकडे बघत नाही.

वीण बारीक हवी. सेंटीमीटरला २० धागे असलेल्या कापडात एक धागा अर्ध्या मिलिमीटरचा झाला. त्यावर एक मिलिमीटरहून बारीक रेषा तुटक दिसते. जहाजाच्या डोलकाठीचे दोर, तारा, कठडे हे सगळे त्याच मापाचे असतात. म्हणून दोर-तारांनी भरलेला फोटो असेल तर घट्ट विणीचे सुती सॅटिन किंवा बारीक कॅनव्हास. जाड लिननचा मोह डॅझलच्या फोटोंपुरता ठेवा, आणि लिनन घेतलेत तर शुभ्र केलेले घ्या. नैसर्गिक मळकट रंगावर फोटोतले सगळे पांढरे मरतात. मखमलीवर काळा फार देखणा येतो, पण हात फिरवला की लव दुसऱ्या बाजूला झुकते आणि फोटोचा अर्धा भाग उजळ, अर्धा काळोखा दिसतो. चेहऱ्यांच्या फोटोंना ती नको.

सगळ्यांत जास्त नाराजी होते ती करड्या रंगावरून. बहुतेक यंत्रे करडा रंग निळसर, गुलाबी, पिवळ्या शायांच्या मिश्रणातून तयार करतात. मिश्रण जरा हलले की खलाशी हिरवट दिसतात, आणि दिवसा ठीक दिसणारा करडा रंग रात्री दिव्याखाली जांभळट होतो. शुद्ध करड्याचा हट्ट सोडून फोटोला मुद्दाम किंचित उबदार तपकिरी किंवा किंचित निळसर काळी छटा देणे, हा यावरचा माझा खात्रीचा उपाय आहे. मग थोडे सरकले तरी ते छटेत मुरते. पाचही कुशनांना एकच छटा द्या; वेगवेगळ्या काळांतले, वेगवेगळ्या संग्रहांतले फोटो त्याने एका कुटुंबातले वाटतात. शिवाय कापडावर शाई पसरते, त्यामुळे सावल्या बुजतात. पडद्यावर फोटो जरा फिका, सावल्या उघड्या दिसतील इतपत करून पाठवा. पडद्यावर सुंदर दिसणारा गडद फोटो कापडावर कोळसा होतो.

म्हणून पूर्ण काम देण्याआधी त्याच कापडावर एक चाचणी पट्टी मागा: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या पायऱ्या आणि शेजारी फोटोतला हातभर तुकडा, ज्यात चेहरा, आकाश आणि काळे पोलाद तिन्ही येतील. ती पट्टी तुमच्या बाकावर ठेवून सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली बघा, एकदा धुऊन पुन्हा बघा. छापणारा पट्टी द्यायला तयार नसेल तर काम दुसऱ्याकडे द्या.

भरणाबद्दल थोडे. कुशन भरदार दिसावे म्हणून अभ्र्यापेक्षा पाच सेंटीमीटर मोठे भरण घालतात, ते साध्या कापडाला ठीक. फोटोच्या कुशनला मी दोन-तीन सेंटीमीटरच मोठे घालतो, तेही फायबरचे. पिसांचे भरण बसल्यावर खोल चुण्या पाडते आणि त्या नेमक्या चेहऱ्यांवर पडतात. अभ्रा कापताना चारी कोपरे किंचित आत घ्यायला शिंप्याला सांगा, नाहीतर कानांसारखे बाहेर येतात. चेन खालच्या कडेला.

पाचांपैकी फोटोंची तीनच करा. दोन साधी ठेवा, गडद करड्या लोकरीची किंवा खाकी जाड कॅनव्हासची. सलग पाच फोटो मांडले की एकही नीट पाहिला जात नाही. नांगर आणि निळे-पांढरे पट्टे छापलेली कुशन मध्ये घालू नका, ती सहलीच्या होडीची सजावट आहे.

प्रत्येक फोटोच्या कुशनला मागच्या बाजूला, चेनजवळ, एक छोटी पट्टी शिवून घ्या: जहाजाचे नाव, ठिकाण, तारीख, छायाचित्रकार माहीत असेल तर त्याचे नाव आणि संग्रहातला क्रमांक. हे मी प्रत्येक ग्राहकाला आग्रहाने करायला लावतो. कोणी पाहुणा विचारेल, मुले विचारतील, आणि फाइल कुठल्या संगणकात होती हे तोवर कोणाला आठवणार नाही. पट्टीवरचा मजकूर संग्रहाच्या नोंदीवरूनच घ्या. संकेतस्थळांवर फिरणाऱ्या प्रतींखालची नावे आणि तारखा खूपदा चुकीच्या असतात. एका नौकेचा फोटो तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या नौकेच्या नावाने सर्रास फिरतो.

धुताना अभ्रा उलटा करून, ३० अंशांच्या पाण्यात, ब्लीच न घालता, सावलीत वाळवा, इस्त्री उलट्या बाजूने. सब्लिमेशनच्या कापडावर फार गरम इस्त्री फिरवू नका, शाई उष्णतेनेच आत गेलेली असते आणि उष्णतेनेच ती शेजारच्या कापडावर उतरू शकते. तुमचा बाक खिडकीला लागून आहे असे तुम्ही लिहिले आहे. तसे असेल तर दर महिन्याला कुशनांच्या जागा बदला, म्हणजे ऊन एकाच फोटोवर पडणार नाही, आणि डॅझलचे कुशन खिडकीच्या बाजूला जास्त दिवस ठेवा. ठळक आकारांचा फोटो थोडा फिकटला तरी चेहऱ्यांच्या फोटोइतका बिघडत नाही.